बाटलीतलं पाणी

रेवस,
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

चि. सदा,

वहिनीचा आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो आता घरचाच झालाय. भात कापून झालं, झोडणी अर्धी राहिली. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, म्हणून माझी खिचडीची चूलही पेटली. मागच्या पडवीवर तू घातलेले पत्रे गंजले होते, ते गणपतीआधी बदलून घेतले. तुझ्यासारखे कुणी बसवले नाहीत, एका कोपऱ्यात गळतंच. वेणूने खारातले आंबे मागितले होते. तिला सांग, यंदा घातले नाहीत. विकतचे मिळतात आता चांगले.

पत्र बघून तुला नवल वाटलं असेल. आपल्या घरी पत्र म्हणजे एक तर बँकेचं नाहीतर कोर्टाचं. पण माझा फोन तू उचलत नाहीस. पत्राचं बरं असतं, फाडून टाकायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

वेणूने मला सगळं सांगितलं आहे. तिच्यावर रागावू नकोस. ती म्हणाली होती, "बाय, मी बोलली असा सांगू नको त्यांना." आता मी सांगितलंच. श्रावणापासून तुझ्या मानेत गाठ आहे. संध्याकाळी कणकण येते, रात्री घामाने बनियन भिजतं, पँट दोरीने बांधावी लागते. दिघीच्या डॉक्टरांनी टीबी म्हणून गोळ्या दिल्या, त्यांना दोन महिने होऊन गेले, आणि गाठ होती तिथेच आहे, उलट शेजारी दुसरी आली. मुंबईला चला म्हटलं की तू उठून गाडीत जाऊन बसतोस.

सदा, ह्यांचंही असंच सुरू झालं होतं. तुला आठवण करून द्यायला नको. काखेत गाठ, संध्याकाळचा ताप, आणि साडेचार महिने टीबीच्या गोळ्या. लघवी लाल झाली की हे म्हणायचे, "औषध लागू पडतंय." लागू पडत नव्हतं.

तुला टीबीच असेल कदाचित. असला तर फारच चांगलं, गोळ्या चालूच आहेत. पण गाठ काढून तपासल्याशिवाय ते कळत नाही, एवढंच मला सांगायचं आहे. आणि का कळत नाही ते मला आता ठाऊक आहे.

तू म्हणशील, सातवी शिकलेली वहिनी डॉक्टरकी शिकवायला लागली. ह्यांच्या पश्चात मी ह्यांची फाईल डिक्शनरी घेऊन वाचली. शाळेतल्या बाईंची डिक्शनरी होती, तीन महिने माझ्याकडेच राहिली. एकेक शब्द वहीत उतरवला. काही शब्द डिक्शनरीतही नव्हते. मग मुंबईला ह्यांच्या गाठीची मेणात बसवलेली वडी आणायला गेले होते तेव्हा तिथे प्रज्ञा नावाची मुलगी भेटली. महाडकडची आहे, प्रयोगशाळेत काम करते. जेवणाच्या सुट्टीत तिने डबा बाजूला ठेवून मला सगळं समजावलं.

आपल्याला वाटतं, गाठ काढली, दुर्बिणीखाली ठेवली, की डॉक्टरला दिसलं. तसं नाही. गाठीचा तुकडा आधी औषधाच्या पाण्यात ठेवून पक्का करतात. मग तो मेणात बसवतात. ती वडी अर्ध्या आगपेटीएवढी असते. तिचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर चिकटवतात. साध्या रंगात पाहिलं तर नुसते जांभळे ठिपके. वाईट ठिपके आहेत एवढं डॉक्टरला कळतं, पण ते कुठल्या जातीचे, हे पुष्कळदा कळत नाही. रक्ताचे आणि गाठींचे कॅन्सर पन्नासाच्या वर प्रकारचे आहेत म्हणे. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

म्हणून प्रथिनं बघतात. पेशीच्या अंगावर प्रथिनं असतात, कुठल्या पेशीवर कुठली ते ठरलेलं असतं. त्यांना नंबर दिले आहेत, सीडी तीन, सीडी वीस, सीडी तीस असे. प्रत्येक नंबरचं तपासणीचं वेगळं औषध असतं, ते फक्त आपल्याच प्रथिनाला जाऊन चिकटतं, आणि चिकटलं की तिथे तपकिरी रंग चढवता येतो. नाही चिकटलं तर रंग नाही. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, बघितलंयस ना? आंब्याच्या रसाचा डागही पिवळाच असतो, पण साबणाने लाल होत नाही. साबण लावेपर्यंत दोन्ही डाग सारखेच. हे तसंच आहे. असे आठ-दहा नंबर लावून बघतात, कुठे रंग चढला, कुठे नाही ते मांडतात, आणि मग आजाराला नाव मिळतं. नाव मिळालं की औषध मिळतं.

गाठ काढायला अर्धा तास लागतो. मान बधिर करतात, झोपवतही नाहीत. अलिबागला नवे सर्जन आले आहेत, मी त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे. बाटली मुंबईला मी नेईन. तुला त्यात हात लावायला नको.

एवढं कर. आईंनंतर आता ह्या घरातलं मोठं माणूस मीच आहे, त्या हक्काने सांगते. वेणूला माझा आशीर्वाद.

तुझी वहिनी,
कमळ


रेवस,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. सदा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. ट्रान्सपोर्टच्या पावतीच्या पाठीवर पाच ओळी. एका बाजूला कोळशाचं वजन आणि दुसऱ्या बाजूला तू. मी चार वेळा वाचलं. तू लिहिलंयस:

"वहिनी, तुझे वाचनालयातला ज्ञान तुझेजवल ठेव. गाठ कापून बाटलीत घालतान, ती बाटली कोनतरी नेतो, मग काय व्हतं ते आपन बघितलंय. मी नेली ती दादूसची बाटली. दादूसला जी गोष्ट माझे हातून मिलाली नाय ती मना नको. वेणूला रडवू नको फोनवर."

मला वाटलं होतं तू कापायला घाबरतोस. म्हणून पहिल्या पत्रात मी तुला मेण आणि रंग समजावत बसले. तुझं दुखणं ते नाहीच. तू शिक्षा भोगतोयस. आणि ती शिक्षा तुझी नाही.

आता मी जे लिहिते ते सलग वाच. मध्ये गाडीत जाऊन बसू नकोस.

२०२२ च्या जुलैची आठ तारीख होती, शुक्रवार. दुपारी अलिबागच्या दवाखान्यात ह्यांच्या काखेतली गाठ काढली. तेव्हा ते दुसरे डॉक्टर होते, आता तिथे नाहीत. कंपाउंडरने बाटली माझ्या हातात दिली. म्हणाला, तपासणी मुंबईलाच होईल, उद्या कुणाला तरी पाठवा. पावसामुळे रेवसची लाँच बंद होती, म्हणून मी तुला फोन केला. तू म्हणालास, "उद्या पहाटं ट्रेलर घेऊन न्हाव्याशेवाला जाताय, तसाच पुढं जाईन."

मी आणि हे सहा आसनी रिक्षातून घरी आलो. ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर. बाटली माझ्या पिशवीत होती. तेव्हा रेवसचा रस्ता कसा होता तुला माहीत आहे. घरी येऊन पिशवी उघडली तर डोळे झोंबायला लागले. झाकण सैल होतं. बाटलीतलं पाणी पिशवीत सांडलं होतं, माझी ओढणी भिजली होती, आणि तळाला गाठीचा तुकडा कोरडा पडला होता. सुपारीएवढा.

दवाखान्यात फोन करायचं मनात आलं, नाही असं नाही. पण मला वाटलं, एवढ्यासाठी डॉक्टरांना कशाला? मला काय करायचं ते माहीत नसतं तर मी केला असता. मला माहीत होतं, हीच भानगड झाली.

माझं माहेर मिठागरावरचं. माझ्या बापसाच्या पायाला मिठाने भेगा पडलेल्या असायच्या, आणि तो म्हणायचा, मिठात घातलेलं नासत नाही. मासळी नासत नाही, आंबा नासत नाही, कातडं नासत नाही. पाण्यात मांस सडतं, मिठात टिकतं. हे मला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं, मी ते रोज बघितलं होतं. मी पाणी उकळलं. थंड केलं. त्यात जाडं मीठ घातलं. फडक्याने दोनदा गाळलं. आंब्यांना करतो तसं अंडं सोडून बघितलं. अंडं तरंगलं. मग ते पाणी बाटलीत भरलं आणि झाकण पिळून घट्ट लावलं.

आपण किती नीट केलं असं मला वाटलं होतं, सदा.

सकाळी तू आलास तेव्हा पाऊस धो धो होता. तू बाटली उजेडात धरलीस आणि म्हणालास, "वहिनी, झाकण बघ, नायतर सांडंल." मी म्हटलं, "बघितलंय, घट्ट आहे." पुढचं तुला माहीत आहे. वडखळला नऊ तास गाडी उभी, कारण टँकर उलटला होता. तू मुंबईत पोचलास तेव्हा प्रयोगशाळा बंद झाली होती. मध्ये रविवार आला. सोमवारी सकाळी तू बाटली दिलीस, आणि ते दोन दिवस बाटली घेऊन ट्रेलरच्या केबिनमध्येच झोपलास.

दहा दिवसांनी मुंबईच्या डॉक्टरांनी आपल्याला आत बोलावलं. हे स्टुलावर, तू दाराशी, मी ह्यांच्या मागे. डॉक्टर म्हणाले, तुकडा नीट पक्का झाला नाही, आतून विरला आहे. लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर असावा असा संशय आहे, पण प्रथिनांच्या तपासण्यांना रंगच धरत नाही, प्रकार सांगता येत नाही. पुन्हा गाठ काढावी लागेल. मग त्यांनी विचारलं, "बाटलीतलं पाणी कुणी बदललं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी मलाच विचारलं होतं, माझ्याकडे बघून. त्यांच्या विचारण्यावरूनच मला कळलं की पाणी बदलायचं नसतं. हे मान वर करून माझ्याकडे बघत होते. ह्यांचा कुणावर विश्वास उरला असेल तर माझ्यावर होता. माझ्या तोंडून "नाही" गेलं. आणि मी पुढे काही बोलायच्या आत तू दारातून म्हणालास, "मला उशीर झाला, डॉक्टर. दोन दिवस माझेकडं व्हती बाटली." डॉक्टरांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं.

तू खरं बोललास. मी खोटं बोलले. दोन्ही एकाच खोलीत झालं, आणि दोष तुझ्या नावावर लागला.

ह्यांनी दुसऱ्यांदा कापून घ्यायला नाही म्हटलं. "मी काय वाम मासली हाय काय, तुकडं पाडायला?" म्हणायचे. समजूत काढेपर्यंत अठरा ऑगस्ट उजाडला. आठ जुलैपासून एक्केचाळीस दिवस. दुसरी गाठ मुंबईलाच काढली, तिच्यावर सगळे रंग नीट आले, सीडी वीसवर तपकिरी. नाव मिळालं, औषध मिळालं, एक सप्टेंबरला पहिलं सलाईन चढलं. पण तोवर ह्यांच्या अंगात काही उरलं नव्हतं. ताप आला आणि एकोणीस तारखेला गेले.

दहाव्याला आई तुला सगळ्यांसमोर बोलल्या. "पोरा, येक बाटली न्यायची व्हती तुला. येकच." तू पिंडाजवळून उठलास. मी चुलीपाशी बसले होते, तिथून दिसत होतं. माझ्या हातात भाकरीचं पीठ होतं. मी पीठच मळत राहिले.

त्या दिवशी मला पुरतं माहीत नव्हतं, हेही लिहायला हवं. मला नुसती भीती होती. मिठाने नासलं असेल की तुझ्या उशिराने, हे मला ठरवता येत नव्हतं, आणि ज्या दिवशी ठरवता येत नव्हतं त्या दिवशी मी तुझा उशीर निवडला. पक्कं कळलं ते पुढच्या फेब्रुवारीत, प्रज्ञाकडून. मी तिला विचारलं, बाटली पोचायला दोन-अडीच दिवस लागले तर तुकडा नासतो का. ती हसली. "मावशी, फॉर्मलिनमध्ये असेल तर काही होत नाही. चंद्रपूरहून बाटल्या येतात आमच्याकडे. शनिवार-रविवार तर नेहमीच पडून असतात." मग मी विचारलं, मिठाच्या पाण्यात असेल तर? ती हसायची थांबली. तिने ह्यांची पहिली वडी पेटीतून काढून मला दाखवली. तुकड्याच्या कडा तेवढ्या थोड्या धरल्या होत्या, डॉक्टरचं पाणी तीन-चार तास लागलं होतं तेवढ्यापुरत्या. आतलं सगळं पिठासारखं. प्रथिनं मिठात टिकत नाहीत, ती म्हणाली. तिने मला पाणी आणून दिलं.

म्हणजे तुझ्या उशिराने काही झालं नव्हतं. वडखळचा टँकर, तो रविवार, तू केबिनमध्ये काढलेल्या दोन रात्री, ह्यांतल्या कशानेच काही झालं नाही. बाटली माझ्या घरातून निघाली तेव्हाच संपलेली होती.

हे वाचले असते का, असं मी त्यांच्या डॉक्टरांना नंतर विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. गोळ्यांतच साडेचार महिने गेले होते. ते एक्केचाळीस दिवस मिळाले असते तर बरं झालं असतं, एवढंच म्हणता येईल. मी ते तेवढंच धरून आहे. वाढवत नाही, कमी करत नाही.

पण फेब्रुवारीपासून आजपर्यंत पावणेतीन वर्षं मी गप्प आहे, त्याचं काय सांगू? रोज वाटायचं, सांगावं. मग वाटायचं, आई आहेत, त्यांना सोसणार नाही. मागच्या वर्षी आई गेल्या. त्या तुलाच दोष देत गेल्या. तू मर्तिकाला आलास, खांदा दिलास, घरचं पाणीही न पिता परत गेलास, आणि तेव्हाही मी ओट्यावर उभी होते. तुझ्यामागे फाटकापर्यंत आले. तू किक मारलीस.

आंबे मी मिठात घालत नाही ते म्हणून. जाडं मीठ घरात आणत नाही. ह्याने तुझं काही भलं होत नाही, मला कळतं.

वेणूचा फोन आला, तुला गाठ आहे म्हणाली, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता तरी सांगावं लागेल. नंतर तुझी काळजी आली. क्रम असा होता. लपवत नाही.

तू मला माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. तू करू नकोस. पण तुझ्या हाताने दादूस गेला नाही. तुझ्या हाताने बाटली जशी दिली होती तशी पोचली. ते खरं धर आणि गाठ काढून घे. ह्यांना जे मिळालं नाही ते नको म्हणतोस, तर ऐक. आजारात हे मला म्हणायचे, "सदाला सांग, सिगारेट बंद कर." शेवटच्या आठवड्यातही म्हणाले. त्यांना स्वतःपेक्षा तुझं पडलेलं होतं.

येत्या सोमवारी, चोवीस तारखेला, मी सकाळी आगरदांड्याच्या जेट्टीवर येऊन उभी राहते. दिघीहून पहिली फेरी येईल तिच्यातून तुम्ही दोघं उतरा. अलिबागला दहा वाजता वेळ घेतली आहे. तू नाही उतरलास तर दुसरी फेरी बघेन, मग तिसरी. संध्याकाळची शेवटची गेली की परत जाईन आणि मंगळवारी पुन्हा येईन. शाळेत रजा टाकली आहे.

माझ्याशी बोलू नकोस. बोलायची अट नाही. नुसता उतर.

खाली नुसतं नाव लिहिते. त्याच्या वर 'तुझी वहिनी' लिहायचं की नाही, ते आता तू ठरव.

कमळ


रेवस,
शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५

चि. सदा,

रिपोर्ट मी काल मुंबईहून आणला. वेणूला फोनवर सांगितलंच आहे, तिने तुला सांगितलं असेल, पण ती मध्येच रडायला लागली म्हणून पुन्हा लिहिते. मूळ कागद सोबत पाठवला आहे. घडी घालताना आकड्यांवर घडी येऊ देऊ नकोस.

सीडी तीस पॉझिटिव्ह. सीडी पंधरा पॉझिटिव्ह. सीडी वीस निगेटिव्ह. ह्यांचा सीडी वीस पॉझिटिव्ह होता. म्हणजे दोघा भावांच्या गाठी सारख्या दिसल्या तरी आजार वेगळे आहेत. तुझ्याचं नाव हॉजकिन, तोही गाठींचाच कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात दहातले आठ तरी बरे होतात. मी दोनदा विचारलं, आठ ना? ते म्हणाले, "हो मावशी, आठ." टीबी नाही. पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नकोस, मंगळवारी सोळा तारखेला ते स्वतः सांगतील. त्या दिवशी सकाळी साडेनऊला पोचायचं आहे. सिगारेट कधी बंद करायची ते मात्र विचारायला नको, ते तुला सांगून झालंय.

प्रज्ञाने मला तुझी काच दाखवली. तपकिरी रंग चांगला चढला आहे, कडेपासून मधोमध सगळीकडे सारखा. "तुकडा फार नीट आला," म्हणाली.

त्या सोमवारी तू पहिल्याच फेरीतून उतरलास. मी जेट्टीवरच्या चहावाल्याला सांगून ठेवलं होतं, दिवसभर थांबायचंय, बाकडं अडवते म्हणून. त्याचं बाकडं लगेच मोकळं झालं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस, एसटीत तीन सीट पुढे जाऊन बसलास. बरोबर केलंस. मला वाटलं होतं त्याहून ते सोपं होतं.

अलिबागला कंपाउंडर बाटली घेऊन आला, तेव्हा माझा हात पुढे झाला होता. तुझा त्याच्या आधी पोचला. मानेला बँडेज, आणि रेवसपर्यंत तू बाटली मांडीवर दोन्ही हातांत धरून बसलास. वेणू म्हणाली, "मी घेताव जरा," तर तिलाही दिली नाहीस.

लाँचवर तो मांडव्याचा म्हातारा आठवतो? बाटलीकडे बघून म्हणाला, "काय मावशे, लोनचा चाललाय पोरीला?" मला वाटलं, आता तू उठून जाशील. तू त्याला म्हणालास, "नाय बाबा, माझी मान हाय थोरी." म्हातारा घाबरून पलीकडच्या बाजूला जाऊन बसला. वेणू हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसली म्हणे.

मग लाँच खाडीबाहेर आली, लाटा लागायला लागल्या, आणि तू बाटली माझ्यापुढे धरलीस. मला जे सांगितलंस त्याचं उत्तर मी तिथे दिलं नाही. नुसती मान हलवली. तुला दिसली की नाही कोण जाणे, तू समुद्राकडे बघत होतास. म्हणून ते आज लिहून देते.

तू म्हणालास, "वहिनी, झाकण बघ."

मी बघितलं. घट्ट होतं. पाणी डॉक्टरांनी घातलेलंच होतं.

मंगळवारी मी रेवसच्या धक्क्यावर आहे.

तुझी वहिनी